आत्याचा पिकप आणि साखळीचं आयुष्य

परवा नातवानं माझ्या कानाला मोबाईल लावला. त्याला जुना पिकप घ्यायचाय, आणि विकणाऱ्याच्या दारात उभं राहून त्यानं इंजिनाचा आवाज त्यात भरून आणला होता. "आज्जी, नीट ऐक आणि सांग, टायमिंग चेन अजून किती वर्षं जाईल?" आता त्याच मोबाईलवर त्याला जगातले सगळे शहाणे भेटतात. एक म्हणतो चेन गाडीइतकीच जगते, दुसरा म्हणतो तेल वेळेवर बदललं तरच जगते, तिसरा म्हणतो जुनी गाडी घेतली की आधी ती बदला आणि मगच नारळ फोडा. एवढ्यांना विचारून पोरगं शेवटी माझ्याकडं आलं, कारण माझ्या वडलांचा, अण्णांचा, कान माझ्याकडं आलाय असा आमच्या घरात एक समज आहे. मी मोबाईल बाजूला सारला. म्हटलं, बाबा, आपल्या घराण्यानं आवाज ऐकून साखळीचं आयुष्य एकदा सांगितलंय, तेवढं पुरे झालं. तर म्हणतो, कधी? आता एवढं विचारल्यावर सांगितल्याशिवाय राहवतंय होय?

आमचं घर साखर पेठेत होतं, आणि घरातच माग होते. म्हणजे पुढच्या लांब खोलीत चार यंत्रमाग, त्याच्या मागं स्वयंपाकघर, आणि लाकडी जिन्यानं वर गेलं की झोपायच्या दोन खोल्या. आमच्या वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो, आईला अव्वा. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि गल्लीत तेलुगू, त्यामुळं आम्हाला तिन्ही भाषा यायच्या, पण हळू आवाजात एकही यायची नाही. मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायला लागतं. अव्वानं नुसतं "मीठ दे" म्हटलं तरी नव्या पाहुण्याला वाटायचं, झालं, लागलं भांडण. शाळेत बाई मला म्हणायच्या, अगं, मी तुझ्यासमोरच उभी आहे. लग्नासाठी मुलगी दाखवतात तेव्हा ती हळू बोलते म्हणून लोक कौतुक करतात, आमच्या गल्लीतल्या मुली मात्र "नाव काय बाळ?" विचारल्यावर नाव असं सांगायच्या की पाहुण्याच्या बशीतला चहा हिंदकळायचा.

अण्णा दुपारी जेवून मागांच्या शेजारीच घोंगडं टाकून झोपायचे. घोरायचे सुद्धा. पण धागा तुटून एखादा माग थांबला की डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचे, तिसरा थांबला. आणि तिसराच थांबलेला असायचा. ह्या कानाची त्यांना लई घमेंड. वीज गेली आणि चारही माग एकदम थांबले तर ते ताडकन उठून बसायचे, अंगावर कोणी गार पाणी ओतल्यासारखे. ते एकटेच नाही, सगळी गल्ली उठायची. तान्ही पोरं भेसूर रडायला लागायची, म्हातारी माणसं दारात येऊन काय झालं, काय झालं म्हणून विचारायची. आमच्यात खडखड म्हणजे चूल पेटणार, आणि शांतता म्हणजे वीज तरी गेली, सूत तरी संपलं, नाहीतर कोण तरी गेलं. एवढं एक वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, पुढचा सगळा घोटाळा ह्याच्यातून झालाय.

गौरात्या ही अण्णांची धाकटी बहीण. तिचं सासर दुधनीचं, शेतीवाडीचं मोठं घर. नवरा तापानं गेला आणि ती चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आली, ती राहिलीच. ती कडक भाकरी अशी करायची की तशी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही, आणि आता मी सत्तरी ओलांडली आहे, बऱ्याच ठिकाणी जेवले आहे. ज्वारीचं पीठ मळून, थापून, पातळ करत करत कागदासारखी करायची, तव्यावर शेकून चुलीच्या कडेला उभी लावून ठेवायची. वाळली की हातात घेतल्यावर कुरकुर वाजायची. बरोबर शेंगाची चटणी. ती उखळात कुटायची, आणि तेल सुटेपर्यंत हात थांबायचा नाही. सासरी ती पहाटेपासून शेतावरच्या गड्यांसाठी हेच करायची, आणि त्याचं तिला कधी कोणी बरं म्हटलं नाही. इथं तिनं तेच आमच्या ओट्यावर मांडलं, तर पेठेतले लोक रांग लावून विकत घ्यायला लागले. ती माझ्याच अंथरुणात झोपायची. मॅट्रिक झाल्यावर मला कॉलेजात घालायचं का मागावर बसवायचं ह्यावर अण्णा विचार करत होते, तेव्हा तीच म्हणाली होती, "शिकू दे की तिला. भाकऱ्या थापायला मी हाय न्हवं." ती घरात आहे तोवर माझं बरं चाललंय, एवढं मला पक्कं कळत होतं. ती गेली असती तर मी अन्न सोडलं असतं.

आणि ती जायची भीती होती, कारण दर अमावस्येला मल्लप्पाकाका यायचे. हे तिचे दीर. अंगानं कणगीएवढे, मिशा भरघोस, बाजाराला म्हणून सोलापुरात यायचे आणि आमच्याकडं जेवायचे. जेवताना ताटाशी एवढे एकरूप व्हायचे की मागांचा आवाजही त्यांना ऐकू येत नसेल. आमच्यात पोट भरलं की वाढणाऱ्याला "साकु" म्हणायचं, म्हणजे बास, पुरे. हा शब्द मल्लप्पाकाकांच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता. आत्या भाकरी घेऊन उभी राहायची, ते नुसतं ताट पुढं सरकवायचे. अव्वा म्हणायची, ह्यांच्या आईनं ह्यांना सगळं शिकवलं, तेवढा एक शब्द शिकवायचा राहून गेला. आणि हात धुतला की मिशा पुसत विचारायचे, "वैनी, मग कधी निघायचं?" त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. घरची सून माहेरच्या ओट्यावर भाकऱ्या विकते म्हणून दुधनीत लोक त्यांना बोलायचे. शिवाय आत्या आल्यापासून त्यांच्या घरात भाकरी जाड व्हायला लागली होती, हे त्यांचं खरं दुःख होतं असं माझं आजही मत आहे.

त्या वर्षी दुधनीच्या एका आडत्याच्या घरचं लग्न निघालं आणि पंगतीची कडक भाकरी नि चटणी आत्याकडून न्यायची असं ठरलं. आत्याला आभाळ ठेंगणं झालं. पण भाकरी न्यायची कशी? एकदा एसटीच्या टपावरून तिनं अक्कलकोटला टोपल्या पाठवल्या होत्या, तर तिकडं पोचला तो नुसता चुरा. ते लोक भले, त्यांनी तो ताकात कालवून खाल्ला, पण लग्नाच्या पंगतीत चुरा वाढता येत नाही. मग एका सकाळी आत्या खाली आली ती हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढूनच. त्या अण्णांच्या घोंगड्यावर ठेवल्या आणि म्हणाली, ह्याची एक गाडी बघा, मागं उघडी असती तसली. अव्वा तोंडावर पदर धरून उभी राहिली. अण्णा आधी भडकले, बाईमाणसानं गाडी घ्यायची म्हणजे काय. मग आत्या म्हणाली की यंत्रातलं तुमच्याइतकं ह्या पेठेत कुणाला कळतंय, आणि अण्णांनी लगेच चपला शोधायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात अमावस्या आली. मल्लप्पाकाकांनी सगळं ऐकून घेतलं, आधी जेवले, आणि मग अंगणात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वैनी, तुमचं ते डबडं भाकऱ्या घिऊन दुधनीची वेस ओलांडून आत आलं, तर मी परत न्ह्यायचं नाव काढणार न्हाय. न्हाय आलं, तर पेटी भरून ठिवायची." आत्या म्हणाली, "चालतंय." ती इतक्या सहज म्हणाली, जणू कोणी तिला चहा घेणार का विचारलं होतं.

गाडी बघायला आम्ही अक्कलकोट रोडवरच्या एका मोटारवाल्याच्या आवारात गेलो. अण्णा, आत्या, मी, आणि पारखायला म्हणून रज्जाक मेस्त्री. रज्जाकभाई आमच्या मागांच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि मोटारगाड्याही चालवायचे. स्वभावानं लाख माणूस, पण त्यांना कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता यायचं नाही. काहीही विचारा, "हौ, चलता" म्हणणार. आवारात लष्कराच्या लिलावातून आलेले दोन पिकप उभे होते, एक राखाडी आणि एक हिरवा, दोन्ही महायुद्धाच्या वेळचे, दोन्हींचं वय मोटारवाल्यालाही माहीत नव्हतं.

रज्जाकभाईंनी बॉनेट उघडून आम्हाला साखळी समजावली. इंजिनाच्या पोटात दोन चाकं असतात, आणि एकाचं फिरणं दुसऱ्याला पोचवायला मध्ये ही साखळी, टायमिंग चेन. तिच्या तालावर झडपा उघडतात आणि मिटतात. ती झिजून सैल झाली की ताल चुकतो, आणि तुटली की गाडी जागच्या जागी. ती दिसत नाही, झाकणाच्या आत असते, म्हणून तिची परीक्षा अशी करायची, की पुढून हँडल घालून इंजिन हातानं जरा इकडं आणि जरा तिकडं फिरवायचं, आणि वर डिस्ट्रिब्यूटर म्हणून ठिणगी वाटणारी डबी असते, तिची टोपी काढून आतलं फिरतं पातं, म्हणजे रोटर, बघत राहायचं. रोटर त्या दुसऱ्या चाकावर फिरतो, म्हणून हँडल हलला की तो लगेच हलला पाहिजे. रोटरवर नजर ठेवायचं काम माझ्याकडं आलं. राखाडी गाडीचा रोटर हँडलबरोबरच हलला. हिरव्या गाडीचा हँडल बराच फिरला तरी रोटर आपला झोपलेला, मग एकदम दचकून जागा झाला. मी तसं मोठ्यानं सांगितलं. रज्जाकभाई म्हणाले, थोडी लूज है, चलता.

आणि आता अण्णा पुढं सरसावले. ते म्हणाले की सैल आहे हे चांगलंच आहे. मागाचा पट्टा जास्त ताणला तर आधी तोच तुटतो, जरा ढील ठेवली तर वर्षानुवर्षं जातो, हे त्यांनी स्वतःच्या हातानं अनुभवलंय. मोटारवाला म्हणाला, अगदी बरोबर बोललात मालक, साखळी लोखंडाची, झिजंल कशी, गाडी जाईल पण साखळी जाणार न्हाय. रज्जाकभाई म्हणाले, दादा के जमाने की है, पोते के जमाने तक जाती. सगळे आपापल्या परीनं साखळीचं आयुष्य वाढवत चालले होते. आत्या इतका वेळ ऐकत होती. तिनं विचारलं, "नेमकी किती वर्षं? माझं मंगळसूत्रसुदिक आठच वर्षं टिकलं." मोटारवाल्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं आणि एक स्टेपनी फुकट देतो म्हणून सांगितलं.

शेवटी दोन्ही गाड्या चालू केल्या. अण्णांनी हात मागं बांधले, डोळे मिटले आणि आधी राखाडी गाडीपुढं उभे राहिले. ती नुसती सू सू करत होती. त्यांनी मान हलवली. म्हणाले, हे मुकं जनावर हाय, पोटात काय चाललंय ते सांगत न्हाय. मग हिरवीपुढं गेले. ती खटक-फटक, खटक-फटक वाजत होती, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आणखीच जोरात. अण्णांच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जणू पोटच्या पोराचा आवाज ऐकलाय. "ऐका," ते म्हणाले, "आपला दोन नंबरचा माग." आणि खोटं कशाला सांगू, मला आणि आत्यालाही तो अगदी दोन नंबरचाच माग वाटला. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. ज्या आवाजाला जगातला कुठलाही मेस्त्री म्हणाला असता, पळा, तो ऐकून आम्ही पाटल्या दिल्या.

राखाडी गाडी पुढं एका सोडावाल्यानं घेतली. मी कॉलेज संपवलं, लग्न झालं, बाळंतपणाला माहेरी आले, तरी ती आमच्या दारावरून सू सू करत बाटल्या पोचवत होती. ती दिसली की अण्णा खिडकी लावून घ्यायचे.

पण आमच्या हिरवीचे पहिले दिवस फार आनंदात गेले, ते सांगायलाच हवेत. ती दारात चालू करून ठेवली की सगळी गल्ली बघायला यायची. अव्वानं तिला कुंकू लावलं, बॉनेटवर हळदीचे हात उमटवले. एका दुपारी वीज गेली, चारही माग थांबले, आणि नेहमीप्रमाणं गल्लीतल्या पोरांनी गळे काढले. अण्णा उठले, रज्जाकभाईंना हाक मारली आणि पिकप चालू करायला लावला. खटक-फटक सुरू झालं आणि पोरं एकेक करून झोपली. तेव्हापासून वीज गेली की आयाबाया आमच्या दारात पोरं मांडीवर घेऊन बसायला लागल्या. पेट्रोल जळायचं आमचं, पण अण्णा कोणाला नाही म्हणायचे नाहीत. आत्या म्हणायची, दादा, ही गाडी घेतली का पाळणा घेतला?

लग्नाच्या आधीचे चार दिवस घरात नुसता भाकरीचा वास. अव्वा पीठ मळायची, आत्या थापायची, मी वाळवून टोपल्यात रचायची, तळाशी गवत, वर धुतलेली चादर. मागावरच्या कामगारांनी चटणी कुटली. लग्नाच्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. रज्जाकभाई गाडीवर, शेजारी आत्या, ती नवं इरकली लुगडं नेसून ताठ बसलेली, आणि मागं टोपल्यांच्या मध्ये अण्णा आणि मी. आत्याची पेटी भरलेलीच नव्हती. मी तिला विचारलं होतं, भरायची का? तर म्हणाली, माझी गाडी भरायची हाय, पेटी कुणाला पायजे. दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आलेली, गार वारं, आणि गाडी आपली खटक-फटक वाजत चाललेली. अण्णा घरच्यासारखे टोपलीला टेकून झोपले आणि घोरायला लागले. अक्कलकोट मागं पडलं. मलाही डुलकी लागत होती.

आणि खळ्ळ असा एक आवाज झाला आणि सगळं शांत झालं. गाडी चालतच होती, पण तिच्यात आवाज नव्हता, नुसती रस्त्यावरून घरंगळत होती. अण्णा ताडकन उठून बसले आणि ओरडले, "कुठला थांबला?"

रज्जाकभाईंनी बॉनेट उघडलं, टोपी काढली, हँडल घातला. कोणी काही न सांगताच मी रोटरपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी हँडल फिरवला, आणखी फिरवला, गरागरा फिरवला. रोटर ढिम्म. मी म्हटलं, हलत नाही. रज्जाकभाई जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "नहीं चलता." अण्णा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. त्यांचा कान चुकला होता, आणि तो त्यांच्या बहिणीच्या पाटल्यांवर चुकला होता. ते कोणाकडंच बघत नव्हते. वेस तिथून फार लांब नव्हती, देवळाचं शिखरसुद्धा दिसत होतं. इतकं जवळ येऊन थांबलं म्हणून मला रडू फुटलं, आणि रडण्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, मी आपली मोठ्यानं रडले.

एक सायकलवाला जाता जाता बघून गेला, आणि त्यानंच वेशीत सांगितलं असणार, कारण थोड्या वेळानं मल्लप्पाकाका बैलगाडी घेऊन आले. नवा पटका, लग्नाचं धोतर. त्यांचा माल त्याच आडत्याकडं जायचा, त्यामुळं पंगतीची जबाबदारी निम्मी त्यांच्यावर होती. त्यांनी उतरून हिरवीभोवती एक फेरी मारली. मिशांच्या आत हसत होते. म्हणाले, पंगत बसायची वेळ झाली, टोपल्या माझ्या गाडीत घाला, वेळेत पोचवतो.

म्हणजे भाकऱ्या पोचणार आणि पिकप राहणार. आम्हाला सगळ्यांना ते कळलं. अण्णा उठले आणि म्हणाले, थांबा, रज्जाकभाई कायतरी जुगाड करतील. रज्जाकभाई जमिनीकडं बघत होते. आत्या केबिनमधून उतरली. तिनं पदर खोचला, मागं आली आणि पहिली टोपली उचलली. "दादा, लोकं जेवायची खोळंबल्यात," ती म्हणाली, "माझं काय व्हायचं ते नंतर बघू." आणि ती टोपली तिनं स्वतः नेऊन दिराच्या बैलगाडीत ठेवली. हळूच, भाकरी मोडू नये म्हणून खाली वाकून. मग दुसरी उचलायला वळली.

मल्लप्पाकाकांचं हसू गेलं होतं. ते त्या टोपलीकडं बघत होते, तिच्यावरची चादर नीट खोचलेली होती तिकडं बघत होते. मग त्यांनी ती टोपली उचलली आणि परत पिकपमध्ये ठेवली. बैल सोडले. बैलगाडी ज्वारीच्या कडेला टेकवून ठेवली, गाडीखाली लटकलेला लोखंडी साखळदंड काढला, आणि त्या साखळदंडानं बैलांचं जू आमच्या हिरवीच्या पुढच्या बंपरला बांधायला लागले. अण्णांना त्याही वेळी राहवलं नाही. त्यांनी साखळी हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "ही किती वर्षांची?"

"आज्जाची हाय," काका म्हणाले. "हिचा आवाज नका ऐकू."

तर अशी आमची गाडी दुधनीच्या वेशीतून आत गेली. पुढं काकांचे दोन बैल, गळ्यात घुंगुरमाळा, कासरा धरून पायी चालणारे काका, मागं पिकप. रज्जाकभाई चाक धरून बसलेले, आणि काही तरी चालू आहे असं वाटावं म्हणून मधूनच हॉर्न वाजवायचे. हॉर्न वाजला की बैल उधळायचे, आणि काका मागं वळून कानडीत एक शिवी हासडायचे. वाजंत्रीवाल्यांना वाटलं नवरदेवाची वरात ह्याच्यातून निघायची आहे, ते पुढं होऊन वाजवायला लागले. पोरं धावत आली. आडत्यालाही ते इतकं आवडलं, की संध्याकाळी खरोखरच नवरा-नवरी हिरवीत बसवून बैलांनी ओढत गावभर फिरवले. नवी चेन रज्जाकभाईंनी सोलापुरातून आणून दुसऱ्या दिवशी बसवली. ती किती वर्षं टिकली ते मात्र मला सांगता येणार नाही, कारण ती कधी वाजलीच नाही. घरी अण्णा कित्येक दिवस तिच्यावर नाराज होते, आणि वीज गेली की गल्लीतल्या आया पोरं घेऊन यायच्या आणि तशाच परत जायच्या.

पण मला सांगायचंय ते पंगतीचं. गव्हाची गोड हुग्गी होती, भरलं वांगं होतं, आणि आमची भाकरी. एकसुद्धा मोडली नव्हती. आत्या स्वतः वाढत होती. लोक भाकरी मोडायचे तर सगळा मांडव कुरकुर वाजायचा, आणि अण्णा डोळे मिटून तेही ऐकत बसले होते. मी मल्लप्पाकाकांच्या समोरच्या पाटावर होते. गावातले दोघे-तिघे मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले होते, पैजेचं काय झालं ते ऐकायला. एकानं म्हटलंही, मल्लप्पा, गाडी आली खरी, पर वढून आली, आता वैनीला ठिवून घ्यायचं का न्हाय? आत्या तेव्हा भाकरी घेऊन त्यांच्याच ताटापुढं उभी होती. तिनं एक भाकरी वाढली, काकांनी खाल्ली. दुसरी वाढली, तीही खाल्ली. तिसरी तिनं पुढं केली, आणि नेहमीसारखं ताट पुढं येईल म्हणून थांबली.

काकांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. मान वर करून आधी त्या विचारणाऱ्याकडं बघितलं आणि मग आत्याकडं.

"साकु," ते म्हणाले.

अव्वानं हे ऐकायला पाहिजे होतं, असं माझ्या मनात आलं. आत्या ती भाकरी तशीच धरून उभी राहिली, तिचे डोळे भरून वाहायला लागले, आणि भरल्या हातांनी पुसताही येईना. मग तिनं ती भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि पुढच्या पाटाकडं गेली. माझं पोट केव्हाच भरलं होतं, तरी मी ती सगळी खाल्ली.